फोन हजार डॉलरचा, पत्ता आईबापाचा: अमेरिकेतली तरुण मंडळी नक्की कोणावर चिडलीयेत?

एडिसनकर (बुधवार, २४ सप्टेंबर २०२५)

मंडळी, टॅरिफवर आधीच चार धागे चालू आहेत हे माहितीये, त्यामुळे संपादकांनी कात्री काढायच्या आधीच सांगतो, हा विषय वेगळा आहे.

गेला आठवडा आठवून बघा जरा. बुधवारी १७ तारखेला झुकरबर्गने काचेतच स्क्रीन असलेला चष्मा दाखवला, किंमत ७९९ डॉलर. त्याच दिवशी फेडने (इथल्या रिझर्व्ह बँकेने) पाव टक्का व्याजदर उतरवला. त्याच दिवशी एबीसी चॅनेलने जिमी किमेलचा रात्रीचा विनोदी शो बंद केला, कारण उजव्या गोटातला कार्यकर्ता चार्ली कर्क याच्या हत्येनंतर किमेल जे बोलला त्यावरून एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) अध्यक्षाने एका पॉडकास्टवर चॅनेलवाल्यांना जवळजवळ दमच दिला होता (काल रात्री शो परत आला, तरी काही स्टेशनांनी दाखवला नाहीच). शुक्रवारी सकाळी आयफोन १७ आणि तो पापडासारखा आयफोन एअर दुकानात आला, आणि दुपारी ट्रम्पने एच-वन-बीवर (परदेशी नोकरदारांचा व्हिसा) एक लाख डॉलर फी लावणाऱ्या कागदावर सही ठोकली.

आमचे चिरंजीव २५ वर्षांचे, इथलाच जन्म, नोकरी आहे, कॉलेजचं लोन आहे, मुक्काम आमच्या बेसमेंटमध्ये. मी विचारलं की बाबा रे यातल्या कशाने तुझं डोकं फिरलं, तर म्हणाला सगळ्यानेच. आणि हे बोलताना हातात नवा कोरा आयफोन एअर, हप्त्यावर घेतलेला.

तर प्रश्न असा की ही पिढी सरकारच्या दादागिरीवर चिडलीय का खिशावर, आणि खिसा रिकामा असेल तर ही खेळणी कशी परवडतात? तुमच्या घरी, ऑफिसात काय दिसतं ते लिहा.

पॉपकॉर्नवाला

आलो. पुढच्या रांगेत जागा ठेवा.

तर्कटराव

प्रश्नातच उत्तर आहे साहेब. पैसे नाहीत म्हणून ओरडायचं आणि दरवर्षी फोन बदलायचा. मी डॅलसला मुलीकडे येऊन जाऊन असतो, तिथे शेजारचा पोरगा घरभाडं भरायला पैसे नाहीत म्हणतो आणि कानात अडीचशे डॉलरचे एअरपॉड्स. आमच्या वेळी अंथरूण पाहून पाय पसरायची पद्धत होती. बाकी सरकारबिरकार सगळी निमित्तं.

फ्रीमाँटची_सून

आलं का अंथरूण! मी वाटच बघत होते.

काका, जरा हिशोब करू. आयफोन एअर ९९९ चा. दोन वर्षांच्या हप्त्यावर महिन्याला ४२ डॉलरच्या आत बसतो, जुना फोन परत दिला तर अजून कमी. आता घर घ्या. चार लाखाचं धरा, आमच्या बे एरियात तेवढ्यात गॅरेजसुद्धा मिळत नाही पण धरा. वीस टक्के डाउन पेमेंट म्हणजे ८० हजार. म्हणजे त्या पोराने दरवर्षी एक फोन घ्यायचा मोह आवरला तर ८० वर्षांनी डाउन पेमेंट जमेल. तोवर घर चार लाखांचंच राहील असं समजूया.

२०२०-२१ मध्ये ज्यांनी घरं घेतली त्यांना तीन टक्क्यांच्या आत कर्ज मिळालं (आम्ही त्यातलेच, खोटं कशाला बोलू). ते आता घर सोडत नाहीत कारण नवीन कर्ज त्याच्या दुपटीहून महाग. म्हणून विकायला घरं कमी, म्हणून भाव खाली येत नाहीत. रिअल्टर लोकांच्या (घरांचे दलाल) संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की इथे पहिलं घर घेणाऱ्याचं मधलं वय ३८ झालं होतं. फेडरल किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे, ते तसंच. राज्यांनी आपापलं वाढवलंय, पण टेक्सासने नाही, आणि तुमचा तो शेजारी टेक्सासातच आहे.

फोन, टीव्ही, गॅजेट तेवढंच या पोरांच्या आयुष्यात परवडण्यासारखं उरलंय. बाकी घर, कॉलेज, दवाखाना, लहान मूल झालं तर डेकेअर, सगळं हाताबाहेर.

उगाच_एक

८० वर्षांचा हिशोब फ्रेम करून लावण्यासारखा आहे. +१

गप्पिष्ट

फ्रीमाँटताई खिशाबद्दल बरोबर बोलल्या पण एडिसनकरांनी "सरकारची दादागिरी" पण विचारलंय, आणि माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात ते म्हणजे स्टुडंट लोन.

माझ्या धाकट्या बहिणीचं उदाहरण. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे हप्ते थांबले. २०२२ मध्ये बायडनने जाहीर केलं की १० हजार माफ, पेल ग्रँटवाल्यांना (गरीब घरच्या मुलांची सरकारी मदत) २० हजार. तिने फॉर्म भरला. ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने माफी रद्द केली. ऑक्टोबरपासून हप्ते परत चालू. त्याच सुमारास सेव्ह नावाची योजना आली, उत्पन्नाप्रमाणे हप्ता, ती त्यात गेली, आणि तीसुद्धा कोर्टात अडकली. यंदा १ ऑगस्टपासून त्या अडकलेल्या लोकांच्या कर्जावर व्याज चढायला लागलंय. आणि ज्यांनी पार सोडून दिलं होतं त्यांच्याकडून मे महिन्यापासून सक्तीची वसुली सुरू. देशभरात चार कोटींच्या वर माणसं आणि दीड लाख कोटी डॉलरच्या वर कर्ज आहे हे.

यात तिची चूक काय ते सांगा. ती फोन करते तर कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीत तासभर गाणं ऐकवतात आणि लाइन कट. शेवटचा हप्ता किती आणि कोणत्या योजनेत आहे हे तिच्या पोर्टलवर एक आणि पत्रात दुसरंच.

हडसनकाठचा

गप्पिष्टभाऊ, सहानुभूती आहे, पण दादागिरी कोणाची ते नीट ठरवा. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक म्हणतील की बायडनने संसदेला न विचारता ४० हजार कोटी डॉलर माफ करायला निघणं हीच खरी दादागिरी होती, आणि कोर्टाने लगाम घातला.

आणि आधार कशाचा घेतला होता? २००३ चा हिरोज कायदा, इराक युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या कर्जाची अडचण होऊ नये म्हणून केलेला. आता ट्रम्पकडे बघा. एप्रिलमध्ये जगभर टॅरिफ लावले ते १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली, ज्यात टॅरिफ हा शब्दच नाही. अपील कोर्टाने २९ ऑगस्टला सात विरुद्ध चारने सांगितलं की असा अधिकार नाही, तरी टॅरिफ चालूच राहिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला घेतली.

म्हणजे पक्ष कुठलाही असो, माळ्यावरून एखादा जुना कायदा काढायचा, झटकायचा आणि म्हणायचं आणीबाणी आहे. काँग्रेस (इथली संसद) काही करत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष करतो, मग दुसरा येतो आणि उलटं करतो. तिशीतल्या माणसाने दहा वर्षांचं काही ठरवायचं कसं? मला विचाराल तर राग याचा आहे, डावं-उजवं नंतर.

तर्कटराव

आणीबाणी हा शब्द जरा जपून वापरा. आम्ही खरी बघितलीय, १९७५ ची.

आणि गॅजेटचं म्हणाल तर आमच्याकडे घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं. दरवर्षी फी, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का. ते पुस्तक वडील ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी ठेवायचे. टेलिफोनला नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचं, स्कूटरला तेच. सरकार घरात शिरलेलं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. इथे ॲमेझॉनवर बटण दाबलं की संध्याकाळी दारात, आणि ह्यांना म्हणे घुसमट होते.

गॅजेटगणू

तर्कटराव रेडिओ लायसन्सचं लय भारी. फोटो असेल तर टाका.

पण बटण दाबलं की दारात हे आता तितकं राहिलं नाही बरं का. स्विच २ गेम कन्सोल आठवतोय? निन्टेन्डोने एप्रिलमध्ये ४५० डॉलर किंमत सांगितली, त्याच दिवशी टॅरिफ जाहीर झाले आणि अमेरिकेतलं प्री-ऑर्डर पुढे ढकललं. शेवटी ५ जूनला आला त्याच किमतीला, पण ॲक्सेसरीज महाग. एक्सबॉक्स मे मध्ये महाग झाला, पीएस ५ ऑगस्टमध्ये ५० डॉलरने. पाच वर्षं जुना कन्सोल महाग होतो राव! आमच्या लहानपणापासून नियम होता की थांब, स्वस्त होईल.

अवलीबाई

हो आणि ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला जी ड्युटी माफ होती तीपण २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी गेली. त्याआधीच भारतीय पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणं बंद केलं.

मंडळी, दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे आणि माझा फराळ कोल्हापुरात अडकणार आहे. भेटवस्तूला शंभर डॉलरपर्यंत सूट आहे म्हणतात पण पोस्टच घेत नाही तर सूट घेऊन काय करू. खाजगी कुरियरवाला चकलीच्या किलोमागे जे मागतोय ते इथे लिहिलं तर आईला चक्कर येईल, ती वाचते हा धागा.

गॅजेटगणू

गंमत सांगू का अवलीबाई, स्मार्टफोनला एप्रिलपासून या टॅरिफमधून सूट आहे. अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे आयफोन आता भारतात बनतात, ते बिनबोभाट येतात. भारताच्या बाकी मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के लागले. म्हणजे तमिळनाडूचा आयफोन सुटला आणि कोल्हापूरची चकली सापडली.

उगाच_एक

चकलीत चिप बसवा.

पॉपकॉर्नवाला

बटाट्याची आधीच असते.

अवलीबाई

दोघांना फराळ नाही.

पुणेरी_प्रवासी

चकली बाजूला ठेवा दोन मिनिटं. मी एच-वन-बीवर आहे, १२ वर्षं. वडिलांच्या श्राद्धासाठी पुण्यात आलो होतो. शनिवारी पहाटे फोन खणखणायला लागला. कंपनीच्या वकिलांचा मेल, जे देशाबाहेर आहेत त्यांनी रविवारच्या आत अमेरिकेत पोचा, नाहीतर जबाबदारी आमची नाही. कागदावर लिहिलं होतं शनिवार संपून रविवार लागताच, मध्यरात्रीनंतर अमेरिकेत शिरणाऱ्याला एक लाख डॉलर. जुना व्हिसा का नवा, एकदा का दरवर्षी, काही स्पष्ट नाही, मंत्री टीव्हीवर दरवर्षी म्हणाला. मुंबईहून तिकिटाचा भाव बघता बघता चढत होता. आईने पानं मांडायची तयारी केलेली, भटजींना काय सांगायचं?

शनिवारी संध्याकाळ उलटून गेल्यावर व्हाइट हाउसचा खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, एकदाच, आणि आधीचा व्हिसा असलेल्यांना येता-जाता येईल. तोवर माझा एक सहकारी अर्धं श्राद्ध सोडून विमानात बसला होता. मी राहिलो. धैर्य वगैरे काही नाही, तिकीटच मिळालं नाही.

एडिसनकर, तुमचा प्रश्न अमेरिकन तरुणांबद्दल आहे माहितीये. पण माझ्या टीममधल्या २६ वर्षांच्या गोऱ्या पोराने त्या दिवशी मला मेसेज केला की तुझं वाईट वाटतं, आणि खरं सांगू तर ही फी मला पटते, कारण माझ्या बॅचच्या निम्म्या मुलांना नोकरी नाही. दोन्ही एकाच मेसेजमध्ये. मला राग आला नाही त्याचा, आश्चर्य वाटलं.

फ्रीमाँटची_सून

पुणेरी_प्रवासी, वाचून पोटात गोळा आला. सर्वपित्रीच्या तोंडावर हे. परत येताना सांभाळून.

बाराखडी_वकील

(वकील आहे पण तुमची नाही, हा सल्ला समजू नये वगैरे वगैरे.)

परतीचा विषय निघालाच तर फोनबद्दल. २०१४ च्या रायली खटल्यापासून पोलिसांनी अटक केली तरी वॉरंटशिवाय फोन चाळता येत नाही. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यापासून मोबाईल कंपनीकडून तुम्ही कुठे कुठे फिरलात याचा इतिहास मागायलाही वॉरंट लागतं. पण विमानतळावर, सीमेवर, हे नियम पातळ होतात. तिथले अधिकारी वॉरंटशिवाय फोन बघतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात असे साधारण ४७ हजार फोन आणि इतर उपकरणं तपासली. प्रवासी ४० कोटींच्या वर, तेव्हा शक्यता नगण्य. पण ज्याचा नंबर लागतो त्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो.

नागरिकाला पासवर्ड दिला नाही म्हणून देशात यायला अडवता येत नाही, फोन मात्र ठेवून घेऊ शकतात. व्हिसावाल्याला परत पाठवू शकतात. आणि जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. माझी भाची पुण्यातून मास्टर्ससाठी यायची होती, तिने व्हिसाच्या मुलाखतीआधी बसून कॉलेजच्या गॅदरिंगच्या रीलपर्यंत सगळं खरवडून काढलं. एका मोर्चाचा फोटो होता, त्यावर घरात दोन दिवस चर्चा. ही मुलगी कधी राजकारणावर बोलत नाही.

तर्कटराव, तुमचं रेडिओ लायसन्स वडिलांच्या ट्रंकेत होतं. हिचं सगळं आयुष्य त्या फोनमध्ये आहे.

गॅजेटगणू

आणि त्यात आता चष्मा. मेटाचा तो डिस्प्ले चष्मा ३० तारखेपासून मिळणार, मनगटाला पट्टा येतो तो स्नायूंचे सिग्नल वाचतो, बोटं नुसती चिमटीत हलवली की काम. स्टेजवर लाइव्ह डेमोत फजिती झाली, स्वयंपाकाच्या डेमोत एआय पायऱ्या गाळायला लागला आणि नंतर कॉलच उचलता येईना. वायफायवर ढकललं, नंतर त्यांच्याच अधिकाऱ्याने सांगितलं की स्वयंपाकवाल्याने हाक मारली तर सभागृहातले सगळेच चष्मे एकदम जागे झाले आणि आपल्याच सर्व्हरवर तुटून पडले. एकत्र कुटुंबात "अगं ए" म्हटल्यावर होतं तसं.

तरी मला हवाय. पण बायको म्हणते हा घालून घरात फिरायचं नाही. गेल्या वर्षी हार्वर्डच्या दोन पोरांनी मेटाच्याच आधीच्या चष्म्याला चेहरा ओळखणारी सेवा जोडून रस्त्यातल्या अनोळखी माणसांची नावं-पत्ते काढून दाखवले होते. दोन विद्यार्थ्यांना जमलं ते सरकारला जमणार नाही का.

उगाच_एक

घेण्याआधी ह्यूमेन कंपनीची पिन आठवा, कपड्यावर लावायचं ते एआय यंत्र. ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४. यंदा २८ फेब्रुवारीला सर्व्हर बंद, पिन आता फ्रिजवर लावायच्या कामाची.

एबीसीडी_पोर

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, आईमुळे. आज लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो म्हणून उशिरा. माझं वय २७, ओहायोत वाढलो, शाळेतून रविवारी मराठी शाळेत नेऊन बसवायचे, तेव्हा चुका पोटात घाला.

एडिसनकर काका विचारतात की सरकारवर राग का पैशावर. मला हे दोन वाटत नाहीत. मी २०२० ला ग्रॅज्युएट झालो, स्वतःच्या बेडरूममध्ये, लॅपटॉपवर. पहिली नोकरी गेली तेव्हा २५ चा होतो, आईबाबांच्या इन्शुरन्सवर होतो म्हणून वाचलो, २६ ला तो संपतो. आता काँट्रॅक्टवर आहे. शंभर ठिकाणी अर्ज टाकले की उत्तर मशीनचं येतं.

आता ही गोष्ट बघा. स्टुडंट लोनवर वर्षानुवर्षं सगळे म्हणतात आमच्या हातात नाही, कोर्ट आहे, काँग्रेस आहे. घरांवर म्हणतात ते शहराचं काम. इन्शुरन्सवर म्हणतात फार गुंतागुंतीचं आहे. पण टिकटॉक बंद करायचा होता तेव्हा दोन्ही पक्ष एक झाले, २०२४ च्या एप्रिलमध्ये बायडनने सही केली, जानेवारीत सुप्रीम कोर्टातून पास, आणि १८ तारखेच्या रात्री ॲप खरंच बंद. १७ कोटी लोक वापरत होते. दुसऱ्या दिवशी परत चालू, आणि तेव्हापासून कायदा होता पण लागू नव्हता, ट्रम्प तारीख पुढे पुढे ढकलत राहिला, सप्टेंबर २०२५ मध्ये अजून एकदा डिसेंबरपर्यंत ढकलली. मी टिकटॉक फार वापरतही नाही. पण म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं ना? मग माझ्यासाठी कधीच का नाही ठरत?

फोनबद्दल. माझ्याकडे चार वर्षं जुना आहे, स्क्रीनला तडा आहे. मित्र नवीन घेतात. जेवणसुद्धा क्लार्नावर (हप्त्याने पैसे द्यायचं ॲप) चार हप्त्यात घेता येतं, घरपोच जेवण देणाऱ्या डोअरडॅशने यंदा आणलं ते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीम वाटलं होतं. मित्राने टाको हप्त्यावर घेतले आणि आम्ही त्याला चिडवलं, मग कळलं तो गंमत करत नव्हता.

तर्कटराव

बाळा, तुझं मराठी माझ्या नातवापेक्षा चांगलं आहे. हप्त्यावर जेवण हे मला अजिबात पटलेलं नाही आणि पटणारही नाही. टिकटॉकचा मुद्दा मात्र बिनतोड. आमच्याकडेही तेच असायचं, रस्त्याला पैसे नाहीत आणि बंदीला एका रात्रीत माणसं हजर.

हडसनकाठचा

भारताने २०२० मध्येच टिकटॉक बंद केला होता की, आणि तेव्हा याच फोरमवर टाळ्या पडल्या होत्या. जुने धागे काढू का?

पॉपकॉर्नवाला

काढाच.

गप्पिष्ट

नेपाळमध्ये या महिन्याच्या सुरुवातीला २६ सोशल मीडिया बंद केले आणि आठवड्याभरात सरकार पडलं. अर्थात तिथे भ्रष्टाचाराचा राग आधीपासून होता.

संपादक मंडळ

जुन्या धाग्यांवरचे हिशोब इथे चुकते करू नयेत. नेपाळसाठी वेगळा धागा आहे.

एडिसनकर

एबीसीडी_पोर, मनापासून लिहिलंस. चिरंजीवांना तुझी पोस्ट पाठवली, अंगठा आला फक्त, पण त्याच्याकडून अंगठा म्हणजे खूप.

फ्रीमाँटताईंचा हिशोब त्याच्या आईला दाखवला, ती म्हणते मग बेसमेंटचं भाडं सुरू करा त्याच्याकडून आणि त्याच्याच नावाने साठवा. सध्या घरात यावर वाद चालू आहे.

अवलीबाई

साठवाच, पण त्याला सांगू नका.

फ्रीमाँटची_सून

मी उलट म्हणेन सांगून साठवा. या मुलांना कोणीच काही खरं सांगत नाही, निदान घरात तरी.

पुणेरी_प्रवासी

पोचलो काल. इमिग्रेशनला काही विचारलं नाही, दोन मिनिटांत बाहेर. फोन बंद करून ठेवला होता, उगाचच. बॅगेत अवलीबाईंसाठी चकल्या आणता आल्या असत्या, हा धागा विमानात बसल्यावर वाचला.

अवलीबाई

आता बोलून काय उपयोग.

बाराखडी_वकील

गप्पिष्ट, बहिणीसाठी: सेव्हमध्ये अडकली असेल तर तिथेच थांबून राहू नका, व्याज चढतंय आणि ४ जुलैच्या नव्या कायद्याने ती योजना तशीही गुंडाळायची आहे. दुसऱ्या उत्पन्नाधारित योजनेत बदलायचा अर्ज सरकारी साइटवरूनच करा, कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीच्या फोनची वाट बघत बसू नका, आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. ज्यांची मुलं आता कॉलेजला जाणार आहेत त्यांनी एक लक्षात घ्या, १ जुलै २०२६ पासून पालकांनी घ्यायच्या प्लस कर्जाला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा येतेय, आणि मास्टर्सवाल्यांसाठीचं ग्रॅड प्लस नव्या लोकांना बंद.

गप्पिष्ट

धन्यवाद ताई, आजच बसवतो तिला. ग्रॅड प्लस बंद म्हणजे मेडिकलला जाणारी पोरं काय करणार? खाजगी बँका?

बाराखडी_वकील

डॉक्टर-वकिलीसारख्या कोर्सना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाखांपर्यंत मिळेल. बहुतेक मेडिकल कॉलेजांचा खर्च त्यात बसत नाही. वरचे पैसे हो, खाजगी बँका, आणि तिथे सही आईबापाची लागते.